वचन राज्याचं, तिजोरी काउंटीची

कॅलिफोर्नियातल्या अनेक काउंट्यांच्या पर्यवेक्षक मंडळाची बैठक मंगळवारी सकाळी भरते. निवडून आलेले बहुधा पाच सदस्य आणि त्यांच्यासमोर जाडजूड विषयपत्रिका. तिच्यात एक संमतीसूची असते. ज्या विषयांवर वाद होणार नाही असं गृहीत धरलेलं असतं, ते सगळे एकाच मतदानात मंजूर करायचे अशी पद्धत. रस्त्यांची डागडुजी, गाड्यांची खरेदी, एखाद्या इमारतीचं भाडं, आणि त्याच ओळीत मानसिक आरोग्य विभागाने सेवाभावी संस्थांशी करायचे करार: मुदत अमुक, कमाल रक्कम तमुक, लाभार्थी मेडी-कॅलचे सदस्य. मतदान लगेच उरकतं. त्या मतदानात ठरतं की येत्या वर्षी स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर आजार असलेल्या किती माणसांच्या दारात कोणी जाईल, किती मुलांना समुपदेशक मिळेल, आणि जुलैत सुरू झालेल्या वर्षाची कमाल रक्कम मार्चमध्येच संपली तर पुढचे तीन महिने नव्या रुग्णाला काय सांगायचं.

हे पुस्तक त्या करारांबद्दल आहे. मानसिक आजारावर मराठीत पुष्कळ चांगलं लिहिलं गेलं आहे. आजाराची लक्षणं, घराची फरफट, शेजाऱ्यांची नजर, बरं होऊन पुन्हा कामाला लागलेल्या माणसांची हकिगत हे सगळं आपण वाचलेलं असतं. उपचाराचा खर्च कोण करतं, कोणत्या कागदाच्या आधारे करतं आणि त्या कागदातली एक ओळ बदलली तर कोणाचा उपचार थांबतो, हा प्रश्न मात्र हिशेबनिसांवर सोडून दिला जातो. मला तो त्यांच्यावर सोडवत नाही.

कॅलिफोर्निया निवडण्याचं कारण साधं आहे. सार्वजनिक विम्यातल्या मानसिक उपचारांची जबाबदारी स्थानिक सरकारकडे सोपवायची आणि पैसे करारांतून वाहते ठेवायचे, हा प्रयोग तिथे अनेक दशकं चालू आहे. त्याचे चांगले आणि वाईट दोन्ही परिणाम कायद्यांत, न्यायालयीन निकालांत आणि अंदाजपत्रकांत नोंदलेले आहेत. ज्यांना या विषयात काही करायचं आहे त्यांना शिकायला एवढी सविस्तर नोंद क्वचितच मिळेल.

आधी रचना समजून घेऊ. गरीब आणि अपंग नागरिकांसाठी अमेरिकेत १९६५ साली मेडिकेड ही योजना आली. खर्च फेडरल सरकार आणि राज्य यांनी वाटून घ्यायचा, ही तिची मूळ अट. कॅलिफोर्नियात ती १९६६ मध्ये मेडी-कॅल या नावाने सुरू झाली. आज तिच्यात सुमारे दीड कोटी माणसं आहेत, म्हणजे राज्याच्या लोकसंख्येच्या एक तृतीयांशाहून अधिक. ताप, मधुमेह, बाळंतपण यांसाठी ही माणसं विमा योजनांच्या जाळ्यातल्या डॉक्टरांकडे जातात. गंभीर मानसिक आजारासाठी मात्र दार वेगळं आहे, आणि ते काउंटीचं आहे.

काउंटी आकाराने आपल्या जिल्ह्यासारखी वाटते, कारभाराने नाही. आपला जिल्हाधिकारी राज्य सरकार नेमतं. काउंटीचं मंडळ लोक निवडून देतात, ते स्वतःचं अंदाजपत्रक करतं, आणि तुरुंग, निराधार मुलांचा सांभाळ, सार्वजनिक आरोग्य हे सगळं त्याच्याच गळ्यात असतं. राज्यात अशा ५८ काउंट्या आहेत. सटर आणि युबा यांचा कारभार एकत्र, प्लेसर आणि सिएरा यांचा एकत्र, त्यामुळे मानसिक आरोग्य योजना ५६. लॉस एंजेलिस काउंटीत एक कोटीच्या आसपास लोक राहतात. सिएरा नेवाडाच्या डोंगरातल्या अल्पाइन काउंटीत २०२० च्या जनगणनेत १,२०४ माणसं मोजली गेली. राज्याचा आरोग्य सेवा विभाग दोघींशी जवळपास सारख्याच मजकुराचा करार करतो.

त्या करारातली मुख्य अट वाचली की पहिल्यांदा मन भरून येतं. तुमच्या हद्दीतल्या ज्या मेडी-कॅल सदस्याला विशेष मानसिक आरोग्य सेवांची गरज आहे, त्याला ती मिळालीच पाहिजे. तातडी नसेल तर कामकाजाच्या दहा दिवसांत पहिली भेट, मनोविकारतज्ज्ञाची भेट पंधरा दिवसांत. सदस्यसंख्येवर मर्यादा नाही. पैसे संपले म्हणून नाही म्हणता येत नाही, कारण मेडिकेड हा कायद्याने दिलेला हक्क आहे आणि तो नाकारला तर माणूस न्यायालयात जाऊ शकतो.

याच राज्याच्या कायद्यात दुसरी एक ओळ आहे. ज्यांच्याकडे मेडी-कॅल नाही अशा गंभीर रुग्णांनाही काउंटीने सेवा द्यावी, मात्र साधनसामग्री उपलब्ध असेल त्या प्रमाणात. एकच दवाखाना, एकच डॉक्टर, शेजारच्या दोन खुर्च्यांवर बसलेली दोन माणसं. पैकी एकाकडे हक्क आहे आणि दुसऱ्याकडे उरलंसुरलं. जो अमर्याद हक्क आहे त्याचा खर्च मर्यादित तिजोरीतून होतो, आणि तिजोरी तोकडी पडली की तूट त्या दुसऱ्या खुर्चीवर येऊन आदळते. या पुस्तकात मला जे सांगायचं आहे त्याचा गाभा हाच आहे. निधीचे करार म्हणजे जोखीम कोणी सोसायची याची वाटणी असते, आणि ती वाटणी वर बसलेले खालच्यांवर ढकलत आले आहेत: फेडरल सरकार राज्यावर, राज्य काउंटीवर, काउंटी सेवाभावी संस्थेवर. संस्थेच्या खाली रुग्ण आणि त्याचं घर उरतं.

हे असं कसं झालं, ते पाहायला १९५७ सालाकडे जावं लागतं. त्या वर्षी ॲलन शॉर्ट आणि डोनाल्ड डॉयल या दोन विधिमंडळ सदस्यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला. काउंटीने आपल्या गावात मानसिक उपचारांची सोय केली तर अर्धा खर्च राज्य देईल, असं तो सांगत होता. राज्याच्या मनोरुग्णालयांत तेव्हा सदतीस हजारांच्या आसपास माणसं होती, त्यातली कित्येक वर्षानुवर्षं. शॉर्ट-डॉयल कायद्यामागची भावना चांगली होती. माणसाला घराजवळ उपचार मिळावेत, आणि त्यासाठी काउंटीला पैशाचं आमिष असावं. पुढे राज्याचा हिस्सा वाढत वाढत ९० टक्क्यांवर गेला. १९६७ मध्ये लँटरमन-पेट्रिस-शॉर्ट कायदा झाला आणि माणसाला अनिश्चित काळ कोंडून ठेवण्याची मुभा संपली. आधी ७२ तास, मग चौदा दिवस, आणि त्यापुढे न्यायालयाची देखरेख. हा कायदा झाला याचा मला आजही आनंद वाटतो. त्याच्या नावाने खडे फोडणारे लोक त्या रुग्णालयांच्या आत काय चाललं होतं ते विसरतात.

पण रुग्णालयं ज्या वेगाने रिकामी झाली त्या वेगाने पैसा बाहेर आला नाही. सांता क्लारातल्या ॲग्न्यूज रुग्णालयाची गोष्ट इथे सांगायला हवी. १९०६ च्या भूकंपात त्याची इमारत कोसळून शंभराहून अधिक माणसं गेली होती. नंतर ते नव्याने बांधलं गेलं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तिथला मनोरुग्णांचा विभाग बंद झाला. बाहेर पडलेली अनेक माणसं सॅन होजे शहराच्या मध्यभागी, विद्यापीठाभोवतीच्या जुन्या घरांत राहायला गेली. घरमालक भाडं घेत, जेवण देत. उपचार करणारं पुरेसं कोणी नव्हतं. ॲग्न्यूजचं आवार नव्वदच्या दशकात सन मायक्रोसिस्टिम्सने घेतलं, पुढे ते ओरॅकलकडे गेलं. सिलिकॉन व्हॅलीतल्या मराठी मंडळींच्या रोजच्या वाटेवर ही जागा आहे. जुनी सभागृहाची इमारत आणि पाम वृक्षांची रांग अजून तिथे उभी आहे. तिथल्या रुग्णांच्या मागोमाग किती पैसे सॅन होजेच्या रस्त्यांपर्यंत पोहोचले, हे कोणी विचारत नाही.

१९७८ मध्ये मतदारांनी मंजूर केलेल्या प्रस्ताव १३ ने मालमत्ता करावर टाच आणली. कर मूल्याच्या एक टक्क्यापेक्षा जास्त नको, मूल्यवाढ वर्षाला दोन टक्क्यांवर नको. काउंटीचा हक्काचा झरा आटला आणि ती राज्याच्या तोंडाकडे बघू लागली. १९९१ मध्ये राज्याची तूट चौदा अब्ज डॉलरच्या पुढे गेली, तेव्हा राज्याने एक मोठी अदलाबदल केली. मानसिक आरोग्याची जबाबदारी काउंट्यांकडे, आणि सोबत विक्रीकराचा अर्धा टक्का व वाहन परवाना शुल्काचा काही भाग. दरवर्षी अंदाजपत्रकाच्या वेळी हात पसरण्यापेक्षा ठरलेला कर बरा, म्हणून काउंट्यांनी ते मान्य केलं. त्या परिस्थितीत मीही मान्य केलं असतं.

दोन गाठी मात्र राहिल्या. एक म्हणजे मंदी आली की विक्रीकर घटतो, आणि नोकऱ्या गेलेली, घर गमावलेली माणसं त्याच काळात दवाखान्यात जास्त येतात. २००८ नंतर नेमकं हेच झालं. दुसरी गाठ वाढीच्या वाटणीत होती. विक्रीकराच्या वाढीतला पहिला घास वृद्धांची घरगुती शुश्रूषा, निराधार मुलांचा सांभाळ अशा योजनांना द्यायचा, कारण त्यांची संख्या आपोआप वाढते; मानसिक आरोग्याने उरलेल्यात भागवायचं. वर्षानुवर्षं फार थोडं उरलं.

त्याच अदलाबदलीत राज्य रुग्णालयातल्या खाटांचे पैसेही काउंटीकडे गेले. खाट हवी असेल तर काउंटीने ती राज्याकडून कराराने विकत घ्यायची. महाग खाटा घेण्यापेक्षा गावात सोय करू म्हणत काउंट्यांनी त्या कमी केल्या, आणि रिकाम्या झालेल्या खाटांवर फौजदारी न्यायालयांनी पाठवलेली माणसं आली. नापा, पॅटन, मेट्रोपॉलिटन, अटास्काडेरो, कोलिंगा ही राज्याची पाचही रुग्णालयं आज मुख्यतः त्यांच्यासाठीच चालतात. ज्याने गुन्हा केलेला नाही अशा रुग्णाला तिथे जागा मिळणं अवघड झालं आहे.

खाटांचा विषय निघालाच आहे तर सोळा या आकड्याबद्दल सांगतो. मेडिकेडचा कायदा म्हणतो की सोळापेक्षा जास्त खाटांच्या मानसिक रुग्णालयात २१ ते ६४ वयाचा माणूस दाखल असेल, तर फेडरल सरकार त्याच्या उपचाराचे पैसे देणार नाही. राज्यांनी आपली जुनी रुग्णालयं फेडरल पैशावर चालवू नयेत, हा हेतू होता. परिणाम असा की कॅलिफोर्नियातली कित्येक काउंटी उपचार केंद्रं नेमकी सोळा खाटांची बांधलेली आढळतात. आणि मोठ्या रुग्णालयात माणूस ठेवावाच लागला तर संपूर्ण बिल काउंटीच्या विक्रीकरातून जातं. बंद वॉर्डातल्या मोजक्या रुग्णांवर एवढा खर्च होतो की बाहेरच्या पथकांसाठी ठेवलेली रक्कम आक्रसते; पथकं कमी झाली की आणखी माणसं वॉर्डात येतात. डिसेंबर २०२४ मध्ये फेडरल सरकारने राज्याला एक नवी सवलत मंजूर केली. ज्या काउंट्या त्यात सामील होतील आणि बाहेरच्या सेवांच्या ठरावीक अटी पाळतील, त्यांना अशा रुग्णालयातल्या थोड्या दिवसांच्या उपचारांसाठी फेडरल हिस्सा मिळू शकेल.

जबाबदारी दिली, पैसे नाही दिले, याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण शाळकरी मुलांचं आहे. १९८४ मध्ये कायदा झाला की विशेष शिक्षणातल्या मुलांना शिकण्यासाठी मानसिक उपचार लागत असतील तर ते काउंटीच्या विभागाने द्यावेत. राज्य पुढे भरपाई करणार होतं. भरपाई रेंगाळली, थकबाकी साचली, आणि ऑक्टोबर २०१० मध्ये गव्हर्नर श्वार्झनेगर यांनी अंदाजपत्रकावर सही करताना १३३ दशलक्ष डॉलरची ती तरतूद कापली. शाळा सुरू होऊन दोन महिने झाले होते. समुपदेशकासमोर बसलेली मुलं होती, आणि त्यांचा खर्च कोणाचा, याचं उत्तर एका सहीने नाहीसं झालं. पुढच्या वर्षी ती जबाबदारी शाळा जिल्ह्यांकडे गेली. दरम्यान कुठल्या काउंटीने स्वतःच्या खिशातून सेवा चालू ठेवली आणि कुठल्या काउंटीने नाही, यावर एकेका मुलाचं वर्ष ठरलं. हे वाचताना मला आजही राग येतो. फेडरल कायद्याने मुलाला दिलेला हक्क त्या दिवशीही जसाच्या तसा होता.

निराधार मुलांचीही अशीच कोंडी होती. एका काउंटीच्या न्यायालयाच्या ताब्यातलं मूल दुसऱ्या काउंटीतल्या पालक-कुटुंबात राहायला गेलं की त्याच्या उपचारांचे पैसे मूळ काउंटीकडे आणि समुपदेशक नव्या काउंटीत. दोघींमध्ये करार होईपर्यंत मूल थांबून राही. २०१६ च्या कायद्याने वाट सोपी केली: मूल जिथे राहतं तिथल्या काउंटीकडे जबाबदारी आपोआप जाईल, अपवाद करायचा असेल तर कारण लिहून द्यावं लागेल. हा कायदा जुलै २०१७ पासून लागू झाला. मोठ्या रकमा न हलवता, केवळ कराराचा मूळ पक्ष बदलून, मुलांच्या आयुष्यातले महिने वाचवता येतात याचा तो पुरावा आहे.

आता हिशेबाच्या पद्धतीबद्दल, कारण दवाखान्याचं रोजचं वागणं तिच्यातून घडतं. २०२३ पर्यंत काउंटी आधी आपल्या तिजोरीतून पूर्ण खर्च करी, तो सार्वजनिक पैशातून केल्याचं प्रमाणपत्र देई, आणि मग फेडरल हिस्सा परत मिळे. नेहमीच्या प्रौढ सदस्यासाठी तो ५० टक्के. मधे खर्चाचा अहवाल, जुळवाजुळव, आणि काही वर्षांनी ऑडिट. ऑडिटमध्ये एखाद्या भेटीची नोंद अपुरी ठरली तर पैसे परत. सेवा मिनिटांत मोजली जाई. त्यामुळे समुपदेशकाच्या नोंदवहीत रुग्ण काय म्हणाला यापेक्षा किती मिनिटं गेली आणि ती कोणत्या प्रकारात बसतात याला वजन आलं. बोलताना मान खाली घालून टंकणाऱ्या समुपदेशकाला दोष देणं सोपं आहे. तो पुढच्या ऑडिटरसाठी लिहीत असतो, कारण नोंद नाकारली गेली तर संस्थेचा करार धोक्यात येतो.

१ जुलै २०२३ पासून राज्याने ही पद्धत बदलली. आता काउंटी आपला हिस्सा आधी राज्याकडे वळता करते आणि राज्य प्रत्येक सेवेचा ठरलेला दर फेडरल हिश्शासह परत पाठवतं. मागून खर्चाची जुळवाजुळव नाही. त्याआधीच्या वर्षी नोंदींचे नियमही हलके झाले आणि निदान होण्यापूर्वीची भेटसुद्धा ग्राह्य धरली जाऊ लागली. या सुधारणेला माझा पाठिंबा आहे. काही वर्षांपूर्वी झालेल्या भेटीचे पैसे परत करण्याची टांगती तलवार गेली, हे फार मोठं काम झालं.

तरी या बदलात एक गोष्ट निसटली, आणि तिच्याकडे मला वाचकाचं लक्ष वेधायचं आहे. जुन्या पद्धतीत रुग्णाच्या घरी जाण्याचा प्रवास आणि नोंदी लिहिण्याचा वेळ बिलात धरता येई. नव्या पद्धतीत फक्त प्रत्यक्ष भेटीची मिनिटं बिलात येतात. प्रवास आणि लिखाण सरासरीने दरात मिसळलेलं आहे. सरासरी म्हणजे कोणाची? शहरातल्या दवाखान्यात एकामागून एक भेटी घेणाऱ्या समुपदेशकाला ती परवडते. उत्तरेतल्या मोडॉक किंवा सिस्कियू काउंटीत एका भेटीसाठी दोन तास गाडी चालवणाऱ्याला नाही. पुलाखालच्या तंबूत राहणाऱ्या माणसाला शोधत फिरणाऱ्या पथकालाही नाही. तो माणूस आज सापडला नाही तर उद्या पुन्हा जायचं असतं, आणि आजच्या फेरीचं बिल शून्य. राज्य काउंटीला देतं ते दर जाहीर आहेत. काउंटी संस्थेला काय देते ते दोघांच्या करारात ठरतं. काउंटीने मनावर घेतलं तर प्रवासासाठी वेगळी तरतूद त्या करारात करता येते. न घेतलं तर पथकं हळूहळू दवाखान्यात येऊन बसतात, आणि ज्यांना दवाखान्यापर्यंत येता येत नाही त्यांच्यापर्यंत कोणी जात नाही.

मराठी वाचकाचा या सगळ्याशी संबंध काय, असं कोणी विचारेल. कॅलिफोर्नियात मराठी घरं हजारोंनी आहेत आणि त्यातल्या बहुतेकांकडे नोकरीतून मिळालेला खासगी विमा असतो. मुलगा विशीत आला, कॉलेजात असताना त्याला आवाज ऐकू येऊ लागले, असं घरात घडलं की त्या विम्याची मर्यादा कळते. खासगी विम्यातून औषधं आणि ठरलेल्या वेळेच्या भेटी मिळतात. घरी येणारं पथक, राहण्याची सोय, पुन्हा कामाला लावणारी मदत, रात्री फोन उचलणारा माणूस ही रचना मुख्यतः काउंटीकडे आहे. चांगल्या पगाराच्या घरालाही शेवटी काउंटीकडे जावं लागतं, आणि तिथे पहिला प्रश्न येतो: मुलाकडे मेडी-कॅल आहे का? सज्ञान मुलाची पात्रता त्याच्या स्वतःच्या परिस्थितीवर ठरू शकते, पालकांच्या पगारावर नाही, हे आपल्या लोकांना फार उशिरा कळतं. मराठी ही काउंट्यांना आपली पत्रकं ज्या भाषांत काढावी लागतात त्यांत येत नाही. दुभाषा मात्र कोणत्याही भाषेचा विनामूल्य मिळायलाच हवा, तो मागावा. भारतातून आलेल्या आजीला सुनेने किंवा नातवाने डॉक्टरांचं बोलणं समजावून सांगायचं, ही पद्धत इतर आजारांत एक वेळ चालते. तिच्या मनात काय चाललं आहे हे सांगायचं असेल तर घरातला माणूस दुभाषा नसलेलाच बरा.

पैशाच्या गोष्टीत एक आशेचा अध्यायही आहे. नोव्हेंबर २००४ मध्ये मतदारांनी प्रस्ताव ६३ मंजूर केला: वर्षाला दहा लाख डॉलरपेक्षा जास्त उत्पन्नावर एक टक्का कर, तो फक्त मानसिक आरोग्यासाठी. त्या पैशातून काउंट्यांनी जे लागेल ते करू, या तत्त्वावर चालणारी पथकं उभी केली, तरुणांमध्ये आजाराची पहिली लक्षणं ओळखणारे कार्यक्रम सुरू केले, आणि आजारातून गेलेल्या माणसांना सहकारी म्हणून पगारी नोकरीवर घेतलं. श्रीमंतांचं उत्पन्न शेअर बाजारासोबत वरखाली होतं, त्यामुळे हा कर एका वर्षी भरभरून येतो आणि दुसऱ्या वर्षी हात आखडतो. तरीही काउंटीला मेडी-कॅलच्या बिलात न बसणारं काही करायचं असेल तर आधार याच पैशाचा होता.

मार्च २०२४ मध्ये प्रस्ताव १ जेमतेम ५०.२ टक्के मतांनी मंजूर झाला. त्याने कर तसाच ठेवला आणि वाटणी बदलली. जुलै २०२६ पासून काउंटीच्या हिश्शातले ३० टक्के घरांसाठी, ३५ टक्के सर्वांगीण सेवा देणाऱ्या पथकांसाठी, उरलेले ३५ टक्के इतर सेवांसाठी. राज्याने स्वतःकडे ठेवायचा भाग ५ वरून १० टक्के. सोबत बांधकामासाठी ६.३८ अब्ज डॉलरचे रोखे. रस्त्यावर राहणाऱ्या आजारी माणसाला आधी छप्पर हवं, याच्याशी माझा वाद नाही. घराशिवाय औषधाची वेळ पाळता येत नाही, हे त्या क्षेत्रातला कोणीही सांगेल. पण घरांचे पैसे नवे आलेले नाहीत. ते शेजारच्या कोणत्या तरी कार्यक्रमातून निघणार आहेत. ज्या गोष्टींचं बिल मेडी-कॅलला लावता येत नाही अशा छोट्या संस्थांना, स्थलांतरितांच्या वस्त्यांत चहा घेत बोलणाऱ्या गटांना, त्याची झळ आधी लागते.

आणि या सगळ्यावर आता फेडरल बदलांचं सावट आहे. ४ जुलै २०२५ रोजी सही झालेल्या कायद्याने मेडिकेडच्या विस्तारातून, म्हणजे पात्रता वाढवल्यावर, आलेल्या प्रौढांना महिन्याला ८० तास काम, शिक्षण किंवा सेवा केल्याचा पुरावा मागितला आहे. बहुतेक राज्यांत हे जानेवारी २०२७ पासून लागू होईल. पात्रता वर्षातून दोनदा तपासली जाईल. गंभीर मानसिक आजार असलेल्यांना सूट आहे, पण ती मिळवण्यासाठी कोणाला तरी कागद भरावा लागेल. ज्याचा आजारच पत्र उघडू देत नाही, त्याचा कागद कोण भरणार? या गटाच्या उपचारांसाठी फेडरल सरकार ९० टक्के देतं. कागद वेळेत गेला नाही की तो माणूस एका खुर्चीवरून उठून शेजारच्या खुर्चीवर जातो. त्याचा हक्क जाऊन साधनसामग्री उपलब्ध असेल तेवढं हे वाक्य त्याला लागू होतं, आणि काउंटीचा दहा टक्क्यांचा भार शंभर टक्के होतो. येत्या दोन वर्षांत काउंट्यांनी आपल्या करारांत हा कागद भरून देण्याचं काम कोणाला आणि किती पैशात दिलं आहे, हे मी सर्वांत आधी पाहीन.

पाहता येण्याची सोयही आहे. प्रत्येक काउंटीला तीन वर्षांचा आराखडा जाहीर करावा लागतो. नव्या पद्धतीतला पहिला जुलै २०२६ ते जून २०२९ या काळासाठी आहे. मसुदा तीस दिवस लोकांपुढे राहतो, मग त्यावर जाहीर सुनावणी होते. ती सुनावणी घेणाऱ्या सल्लागार मंडळात निम्मे सदस्य स्वतः सेवा घेणारे किंवा त्यांच्या घरचे असले पाहिजेत, असा कायदा आहे. अशा मंडळांवर जागा रिकाम्या असतात, आणि आपल्या भाषेतल्या माणसाने तिथे अर्ज करायला काहीच हरकत नाही. या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण त्यासाठीच लिहिलं आहे. आराखडा आणि करार हातात आल्यावर कमाल रक्कम कुठे पाहायची, संस्थेला मिळणारा दर राज्याच्या दराशी कसा ताडायचा, प्रवासाच्या वेळेची तरतूद कोणत्या कलमात असते आणि वर्ष संपण्याआधी रक्कम संपली तर काय करायचं ठरलं आहे, ते त्यात क्रमाने दिलं आहे. ज्यांना घाई आहे त्यांनी तिथूनच वाचायला सुरुवात करावी.